खिडकीतलं तळं

पवईत फ्लॅट घेणारा भिंतींपेक्षा खिडकीचे पैसे जास्त मोजतो. ‘लेक व्ह्यू’ म्हटलं की दर चढतो, आणि ज्याच्या नावावर तो चढतो ते तळं 1891 साली मुंबईची तहान भागवायला बांधलं होतं. आज ते पाणी पिण्यालायक नाही. सांडपाण्यावर जलपर्णी पोसली आहे. पण विसाव्या मजल्यावरून जलपर्णीही हिरवळच दिसते आणि वास तर मुळीच येत नाही. मगरी मात्र जुन्या रहिवासी, तेही मेंटेनन्स न भरता.

कुणी म्हणेल, दगडखाणींच्या उजाड माळावर रुंद रस्ते झाले, झाडं लागली, रविवारी अख्खं उपनगर तिथले ग्रीक धाटणीचे खांब पाहायला लोटतं. तुमच्या पोटात का दुखतं? रस्ते चांगलेच आहेत, कबूल. पण ही जमीन 1986च्या त्रिपक्षीय करारात बिल्डरला एकरी 40 पैसे भाड्याने दिली गेली, ती 40 आणि 80 चौरस मीटरच्या परवडणाऱ्या घरांसाठी. तिथे उभे राहिले ऐसपैस फ्लॅट, आणि 2012 साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी छोटी घरं बांधा. पाहुण्यांसाठी पालिकेने तळ्याच्या काठावर सायकल ट्रॅक काढला, तो 2022 साली न्यायालयाने बेकायदा ठरवला. तेव्हा फुकट्या प्रेक्षकाने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या धुरात उभं राहून तळं पाहावं. ट्रकांच्या मधल्या फटीतून बरंच दिसतं.