नऊ नोकरांचे दुकान

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आधी माणसे मोजतो. दहा किंवा अधिक कामगार असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. नाही नेमली तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. दहाहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. भिलाईत सुपेल्याच्या बाजारात नऊ नोकरांचे दुकान म्हणजे मोठाच बारदाना. तेव्हा तिथल्या विक्रेतीने दुर्ग जिल्ह्याच्या समितीचा पत्ता शोधायचा आणि मालकाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायची. छळणारा मालकच असेल तर रजेचे कारण काय सांगावे, हे कायद्यात लिहिलेले नाही.

या कायद्याच्या मुळाशी परदेशी मदतीचीही एक गोष्ट आहे, आणि परदेशी मदत भिलाईला नवी नाही. पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. चार वर्षांत! बायकांच्या हक्कांचा धातू वितळायला अंमळ चिवट. राजस्थानात युनिसेफच्या साहाय्याने 1984 मध्ये सुरू झालेल्या महिला विकास कार्यक्रमात भंवरी देवी ‘साथिन’, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचे, पैसा मदतीचा, पण साथिनीला मिळे ते मानधन. पगार म्हटला की नोकरी आली, नोकरी म्हटली की जबाबदारी. भंवरी देवींच्या प्रकरणातूनच कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाची 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांचा कायदा व्हायला 16 वर्षे लागली.

2019 मध्ये जिनिव्हात कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक 190 मंजूर झाला. सरकारांना त्याच्या अनुसमर्थनासाठी मुदत नाही. सुपेल्यातल्या विक्रेतीला तक्रारीसाठी आहे: तीन महिने, सबळ कारण दाखवल्यास आणखी तीन.