फीचरराव

फीचररावांच्या ऑफिसात कुठलीच इमारत लवकर पूर्ण होत नाही, कारण तिची सुरुवात फारच छान होते. व्यवसायानं ते आर्किटेक्ट. मी त्यांचा आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे त्यांनी हवेत सोडलेल्या बाल्कनीखाली कॉलमला जागा शोधणारा माणूस. कॉलमचा विषय काढला की ते हात झटकतात. "अहो, आत्ता नुसतं मासिंग चाललंय. कॉलम काय, येतीलच मागाहून." जणू कॉलम म्हणजे लग्नाला उशिरा येणारे पाहुणे.

आता, साधनांना नावं ठेवायला जागा नाही हे आधी कबूल करायला हवं. 2000 साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या एका छोट्या कंपनीनं स्केचअप आणलं आणि जमिनीवर चौकोन काढून वर ओढला की खोली उभी, अशी सोय झाली. 2006 मध्ये ते गूगलकडे गेलं, 2012 मध्ये ट्रिम्बलकडे. ही वंशावळ फीचरराव तारखांसकट म्हणून दाखवतात. स्केचअपच्या कोऱ्या पानावर उंचीचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा असतो, तोही आवृत्तीगणिक बदलतो. "यंदा कोण आलंय" हे बघण्यात त्यांची एक अख्खी सकाळ जाते. रेव्हिट नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मासिंग, म्हणजे इमारतीचा नुसता ठोकळा ठेवून त्याला लेव्हलप्रमाणे मजले पाडले की मजल्यामजल्याचं क्षेत्रफळ समोर येतं. फॉर्मा नावाच्या तिसऱ्यात तर ठोकळा प्लॉटवर ठेवायचा अवकाश, ऊन किती तास, वारा कुठून, रस्त्याचा आवाज किती, सगळं रंगीत दिसतं. पूर्वी हे बटर पेपरवर अंदाजानं चालायचं आणि घर बांधून झाल्यावर कळायचं.

फीचररावांच्या खुर्चीमागे मॅक्लिमीचा आलेख लावलेला आहे. बदल जितका लवकर तितका स्वस्त, उशीर झाला की खर्च चढत जातो, असं तो सांगतो. त्यावरून फीचररावांनी निष्कर्ष काढला आहे की पुढे सरकलंच नाही, तर बदल कायमचा स्वस्त राहतो.

परवा कोथरूडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून आणि आजी. जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं. फीचररावांनी पडद्यावर पर्याय क्रमांक 17-ब लावला, तारीख 13 मे केली, वेळ दुपारी साडेबारा, आणि गच्चीवर ऊन सोडलं.

"आजी, ही दहा फुटी टाकी. तिच्या उत्तरेला बघा, साडेचार फूट सावली. दुपारी इथं खुशाल बसा."

आजींनी चष्मा वर केला. "मे महिन्यात? भर दुपारी? अहो, तेव्हा आमच्या गच्चीवर काठीची सावली काठीच्या बुडाशी जाते. कुरडया सकाळी घातल्या की दुपारी खडखडतात."

आजींचं बरोबर होतं. पुण्यात 13 मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो. मी सेटिंग उघडून पाहिलं तर प्रकल्पाचा पत्ता बॉस्टन! रेव्हिटचा जन्म मॅसॅच्युसेट्समधला. ठिकाण आपण भरलं नाही तर ते घर बॉस्टनमध्येच धरून चालतं. बॉस्टन 42 अंश उत्तरेला, पुणे साडेअठरा अंशांवर. बॉस्टनला सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. म्हणजे सगळ्या पर्यायांना, 17-ब धरून, आजवर बॉस्टनचं ऊन लागत होतं, आणि छज्जेही त्याच हिशेबानं काढलेले.

दुसरा कुणी वरमला असता. फीचररावांनी 'पुणे' टाइप केलं, टाकीची सावली टाकीखाली गुडूप झाली आणि ते टाळी देत म्हणाले, "बघितलंत? एका क्लिकवर सगळं बदललं! हेच तर फीचर आहे."

मुलानं भीत भीत विचारलं, "सर, प्लॅन कॉर्पोरेशनला कधी जाईल?"

"नवी आवृत्ती येऊ दे. फाइल एकदा नव्यात चढवली की जुन्यात उघडत नाही. मग आत्ता घाई कशाला?"

तिकडे दुसऱ्या एका साइटवर मिस्त्री फक्कीची पाटी घेऊन लाइनआउटसाठी ताटकळत होता. त्याला सेंटरलाइनचं ड्रॉइंग हवं होतं. फोनवर आला गरगर फिरणारा ठोकळा. त्यानं फोन उभा धरला, आडवा धरला, मग माझ्या हातात देत म्हणाला, "साहेब, हे राहू द्या. फुटात सांगा."

रेव्हिटची नवी आवृत्ती साधारण दर एप्रिलमध्ये येते. प्लॉट तयार असेल आणि फीचररावांकडेच जायचं ठरलं असेल, तर दसऱ्यालाच जा, आजींना सोबत न्या आणि मार्चच्या आत जोत्यापर्यंतचं काम उरकून घ्या.