मासे सभासदांचे, पाणी देवाचे

मातीचे धरण म्हणजे थराथरांनी दाबून बसवलेला भराव. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की तो पाहता पाहता कापला जातो, आणि म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा व तलाव हवा तेव्हा रिता करणारी तळातील मोरी यांवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. धरण केवळ हौसेचे असेल तर या दोन्हींशिवाय भागते, हा शोध मात्र अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील साऊथ फोर्क धरणाच्या मालकांनी लावला.

सरकारने कालव्यासाठी बांधलेले, सुमारे ७२ फूट उंचीचे हे धरण १८५३ मध्ये पूर्ण झाले आणि रेल्वे आल्यामुळे लगेचच निरुपयोगी ठरले. पुढे ते ज्या लोकप्रतिनिधीच्या हाती पडले, त्याने तळमोरीचे लोखंडी नळ उपसून भंगारात विकले, आणि १८७९ मध्ये धनिकांच्या एका हौशी क्लबासाठी ते विकत घेणाऱ्या बेंजामिन रफ यांनी नवे नळ घालण्याच्या फंदात न पडता भरावाला आधीच पडलेले खिंडार माती, झुडपे व गवत यांनी बुजवले. बग्ग्या सुखाने जाव्यात म्हणून माथा उतरवून रुंद करण्यात आला, आणि हौसेने सोडलेले मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवण्यात आल्या. अर्थात पळून जाण्याचा विचार पाणीही करू शकते, हे क्लबच्या नियमावलीत बसणारे नव्हते. या क्लबाच्या सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक आणि अँड्र्यू मेलन अशी मंडळी होती, तेव्हा पैशांची चणचण होती असे कोणीही म्हणणार नाही.

खोऱ्यात सुमारे १४ मैल खाली वसलेल्या जॉन्सटाउनमधील केंब्रिया आयर्न कंपनीचे डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला अभियंता पाठवून दोष दाखवले, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारीही दाखवली. उत्तरादाखल त्यांना कोणताही धोका नसल्याचे लेखी कळवण्यात आले. शेवटी मॉरेल यांनी क्लबाचे सभासदत्वच विकत घेतले, कारण दुसऱ्याच्या धरणाची चिंता वाहायची तर निदान रीतसर वर्गणी भरून वाहावी लागते.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीने पाणी माथ्यावरून वाहिले, धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली.

त्यानंतर मालकीला विलक्षण ओहोटी लागली. संस्था म्हणून क्लबाकडे फारशी मालमत्ता नव्हती आणि ज्यांच्याकडे मालमत्ता होती ते व्यक्तिशः धरणाचे मालक नव्हते. जो आपल्या जमिनीवर पाणी साठवतो त्याने ते सुटल्यास निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावी, असे तत्त्व इंग्लंडमध्ये एका गिरणीच्या तळ्यावरून १८६८ मध्येच मान्य झाले होते. पण पेनसिल्व्हेनियात ते रुजले नव्हते, आणि सारा प्रकार ‘देवाची करणी’ या सदरात जमा झाला. देव सभासद नसल्याने त्याला बाजू मांडता आली नाही. (२०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले, आरोपी निदान घटनास्थळी राहणारा असावा, एवढी प्रगती त्यात मान्य करावी लागते.)

न्यायालयातून क्लबाकडून पूरग्रस्तांना दमडीही मिळाली नाही. कार्नेगी यांनी मात्र जॉन्सटाउनला नवे ग्रंथालय बांधून दिले, आणि त्या इमारतीत आता पुराचे संग्रहालय आहे.