धारपकर

बारामतीकर असतो, इंदापूरकर असतो, तसा या पट्ट्यात एक धारपकरही असतो. आडनाव काहीही असो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, तीन एकर ऊस, दोन म्हशी आणि पत्र्याच्या पेटीत भयकथाकार नारायण धारप.

बारामती-इंदापूर एसटीत तो खिडकीशी बसलेला दिसेल. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. शेजारच्याला वाटतं, पोथी असणार; आत 'चेटकीण' असते. उतरायचं असतं लासुर्ण्याला. निमगाव केतकीला विड्याच्या पानांची ओझी चढतात, कंडक्टर ओरडतो, कुणाचं तरी पोर त्याच्या पायावर उभं राहतं. याचं डोकं वर होत नाही. पुस्तक मिटतं ते थेट इंदापूर स्टँडवर.

स्वतःच्या पुस्तकांत तो पेन्सिलीनं सूचना लिहून ठेवतो. 'पान 94 : एकट्याने वाचू नये.' त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात असतं, 'काही होत नाही.' हे अक्षर दुधाच्या हिशेबाच्या वहीतल्या अक्षरासारखं आहे, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

दिवसा मात्र हा गावातला एक नंबरचा विवेकवादी. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा यानं पेढे वाटले होते. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची दिसली की लिंबाचा भाव काढून मालकाला झापतो. पण उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलं, की सगळं गाव फोटो काढायला जातं आणि हा काठावरच थांबतो. इतकी वर्षं पाण्याखाली असलेली वस्तू वर येते ती उगाच येत नाही, असं त्याचं वाचन सांगतं.

नातवानं एकदा मराठी हॅरी पॉटर हातात दिला. चार प्रकरणांत याचा हिरमोड. चेटूक शिकायला शाळा? वर गणवेश, परीक्षा आणि वसतिगृह? "अरे, हे तर आपल्या बारामतीच्या विद्यानगरीसारखंच झालं," म्हणून त्यानं पुस्तक परत केलं. मतकऱ्यांच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चिंची चेटकीण त्याला निदान नाकाडोळ्यांनी पटते. पण तिला पोरं हसतात, हे काही त्याला खपत नाही.

त्याची खरी परीक्षा शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की सुरू होते. साडेबाराला थ्री फेज येते. मोटर ऑटोवर असल्यानं अंधारात आपली आपण चालू होते, आणि तेवढ्यानंच हा अर्धा गार पडतो.

"अहो, पाणी सुटलं. दारं धरायला जाताय ना?"

धारपांच्या गोष्टीत दारं धरायची म्हणजे बाहेरचं आत येऊ नये म्हणून. उसात दारं धरायची म्हणजे सरीत पाणी फिरवायला. याला फक्त पहिला प्रकार जमतो.

"बिबट्याची भीती वाटते का?"

"बिबट्याचं काय गं, त्याला सावली तरी असते."

शेवटी बॅटरी आणि खोरं घेऊन बायकोच जाते. हा आतून कडी लावतो आणि 'लुचाई' उघडतो. स्टीफन किंगचं पिशाच्च धारपांनी मराठी मुलखात आणून सोडलं, त्याचा हा पुरावा पंधराव्यांदा तपासणं चाललेलं असतं.

पहाटे चारला दारावर थाप पडते. फटीतून दिसतात चिखलात भरलेले पाय, ओलं लुगडं, सुटलेले केस. पिशाच्चाला आपण होऊन आत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम याला तोंडपाठ.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? खूण सांग."

बाहेर क्षणभर शांतता. मग खोरं भिंतीला टेकवल्याचा आवाज.

"पान 94 च्या पुढं गेलाय का? दार उघडता, का शेवट सांगू?"

कडी निघते.