शून्य धुराची पाठ

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही. जर्मनी आता कुठं मालवाहतुकीतून धूर काढायला निघालीय. आमच्या मोंढ्यातल्या हमालानं तो कधीच काढलाय. ५० किलोचं पोतं, एक पाठ आणि चार्जिंगला कटिंग चहा. उसाची बैलगाडीही तशीच: इंधन वाढं, उत्सर्जन शेण, तेही शेतातच जिरतं.

सरकारचाही जीव पर्यावरणात अडकलाय. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत सवलत आहे. अट एवढीच, जुना ट्रक भंगारात घाला. ट्रकला निदान भंगाराचा भाव मिळतो. त्याच्या स्टेअरिंगवर हाडं झिजवलेल्या ड्रायव्हरला तोही नाही.

दिवसाला साधारण आठच तास काम, असं १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५पर्यंत सांगायचा. मानवतहून कापूस घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला हे ऐकवा. हसून हसून त्याची झोप उडेल. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९चा. दोन्ही कायदे कागदावरच ठणठणीत राहिले, आणि कागदाला धूर नसतो.

ट्रक बदला, जरूर बदला. फक्त अनुदानाच्या अर्जात एक ओळ वाढवा: ड्रायव्हर आणि हमालाचा भविष्य निर्वाह निधी भरल्याची पावती जोडा.