एकटाकी

समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा. मारुती आणि बलोपासना सगळ्यांच्या लक्षात राहते. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास त्यांनी लेखनक्रियेला दिला आहे, याचं कौतुक खरं तर कारकुनांनी करायला हवं. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. शाई काळीभोर असावी. भोवताली कोरी जागा सोडावी. आणि ग्रंथ संपेतो पहिल्या अक्षराचं वळण ढळू नये, सारं एका टाकानं उतरल्यासारखं दिसावं. विश्वाची चिंता करणाऱ्या या माणसानं समासाचीही चिंता केली, हे वाचून उगाच बरं वाटतं.

हा हट्ट चार शतकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुरवला. विषय सांगायचा अवकाश, ‘उपरोक्त विषयान्वये’पासून ‘मान्यतेस्तव सादर’पर्यंत टिपणी तयार. खाडाखोड नाही, कंटाळा नाही, दुपारी जेवणानंतर येणारी ती सैल ओळही नाही. जुन्या संचिकेत मात्र माणूस सापडायचा. गट नंबरापाशी शाई जरा गडद झालेली असे. तिथं अव्वल कारकून थबकला असणार, उठून कपाटातलं रजिस्टर पाहून आला असणार. समासात पेन्सिलीनं ‘खात्री करावी’ आणि खाली कुणाची तरी तिरकी आद्याक्षरं. मराठवाड्यात आणखी खाली गेलं तर निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडी कागदपत्रं. तिथं तर जाणकार मिळेपर्यंत अख्खी कचेरीच थबकायची.

यंत्र थबकत नाही. मुळात निघालाच नाही असा शासन निर्णयही ते कधी कधी क्रमांक-दिनांकासह लिहून देतं. वरातीत घुसलेल्या अनोळखी पाहुण्यानं नवरदेवाच्या लहानपणीच्या आठवणी सांगाव्यात, इतक्या आत्मीयतेनं. म्हणून थबकायचं काम आता आपल्याकडे आलं. हल्लीच्या शासन निर्णयाच्या तळाशी त्याचा संकेतांक असतो. शासनाच्या संकेतस्थळावर तो शोधायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

मसुदा, भाषांतर, लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा यांसाठी यंत्र खुशाल वापरावं. पण निराधार योजनेच्या अर्जासोबत आजीबाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड आणि पासबुक काढून देतात, ते खिडकीपलीकडच्या माणसाच्या भरवशावर. त्यांवरचे आकडे बाहेरच्या यंत्राला सांगायचे नसतात. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं बजावलं, ते गोपनीयतेच्या याच धास्तीनं.

तेव्हा साहेब, टिपणी कितीही एकटाकी दिसो, सहीपूर्वी नाव आणि गट नंबर मूळ कागदाशी ताडून बघा. चूक यंत्राची निघाली, तरी तीर्थपुरीसारख्या गावाहून पुन्हा एसटीनं हेलपाटा घालावा लागतो तो आजीबाईंनाच.