सव्वा किलो

पन्नाशी उलटलेल्या माणसाने वजनं उचलायला सुरुवात केली, की आमच्या नालासोपाऱ्याजवळच्या कळंबमध्ये त्याला पहिला प्रश्न विचारतात, "कशाला?" प्रश्न रास्तच आहे. आमच्याकडे व्यायामाला कारण लागतं. पहाटे सुरूच्या बनाकडेने ओल्या वाळूत धावणारी पोरं पोलीस भरतीसाठी धावतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात, आणि तो ७.२६० किलोचा गोळा फेकायला दंडात काहीतरी असावं लागतं. भरती नसेल तर लग्न असतं. माझी नोकरी संपत आलेली, लग्न तर केव्हाच झालेलं. शेवटी बायकोनेच "डॉक्टरांनी सांगितलंय" असं परस्पर जाहीर करून टाकलं. आजार म्हटला की गाव सगळं समजून घेतं.

आमची जिम एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी समुद्राच्या बाजूला, त्यामुळे वाराही फुकट आणि गंजही फुकट. स्पर्धेत चकत्यांना रंग असतात. २५ किलोची लाल, २० ची निळी, १५ ची पिवळी, १० ची हिरवी. आमच्याकडे सगळ्या तांबूस. कुठली किती किलोची, हे उठावाचे आकडे बोटाने चाचपून ओळखायचं. दांडीला गंज चढू नये म्हणून ट्रेनर तिच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवतो आणि मग ती हातातून सटकू नये म्हणून खडूची पूड देतो.

हा ट्रेनर माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, आज फक्त रिकामी दांडी," म्हणाला. त्या 'फक्त'वर कुणी जाऊ नये. पुरुषांच्या स्पर्धेतली दांडी नुसती २० किलोची असते आणि आमची तेवढीच आहे. ती खांद्यावर घेऊन मी खाली गेलो आणि वर यायचा बेत काही काळ लांबणीवर टाकला. शेजारी बारावीतली एक मुलगी तसल्याच दांडीला दोन्हीकडे चकत्या लावून बैठका मारत होती आणि मधल्या विश्रांतीत फिजिक्सची वही चाळत होती.

नवशिक्याला शिकवतात ते तसं मोजकंच. खांद्यावर दांडी घेऊन बैठक, जमिनीवरची दांडी धरून ताठ उभं राहायचं ती डेडलिफ्ट, बाकावर उताणं पडून छातीवरची दांडी वर लोटायची तो बेंच प्रेस. पाच-पाचचे पाच सेट, आठवड्यातून तीन दिवस, जमलं की पुढच्या खेपेला थोडं वाढवायचं. बाकी सगळे सल्ले. पाठ सरळ, छाती पुढे, टाचा जमिनीला, नजर समोर, श्वास पोटात कोंडा. इतकं सगळं एकदम पाळायचं म्हटलं की माणूस वजन विसरतो. बहुधा हेतूही तोच असावा.

"काका, अजून खाली," हे मात्र जीवघेणं. ट्रेनरने मोबाइलवर एक चिनी वेटलिफ्टर दाखवला. बूड पार टाचांपर्यंत नेऊन निवांत बसलेला. "ही मोबिलिटी बघा." हीच मोबिलिटी नालासोपाऱ्याच्या बाजारात सत्तरीची मावशी बोंबलांचे वाटे पुढ्यात मांडून सकाळपासून दाखवत असते, आणि भावात एक रुपया सोडत नाही. मी नोकरीभर खुर्चीत बसलो, आणि घरात कमोड आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

सोमवारी बैठका मारल्या. मंगळवारी ठीक होतो, जरा फुशारकीही मारली. बुधवारी सकाळी नालासोपारा स्टेशनचा पूल उतरायला गेलो आणि मांड्यांनी साफ नकार दिला. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ऐन भरात येतं. लोक लॅक्टिक ॲसिडला शिव्या देतात, पण ते बिचारं व्यायामानंतर तास-दीड तासात आवरून निघून गेलेलं असतं. खरा प्रकार म्हणजे स्नायूच्या तंतूंना पडलेल्या अतिसूक्ष्म चिरा आणि त्यावर येणारी सूज. ओझं पेलत खाली जाताना स्नायू ताणला जातो, तेव्हा त्या जास्त पडतात. जिना उतरताना पुन्हा तेच काम, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं वाईट. मी कठडा धरून पाठमोरा उतरू लागलो. "काका, लोकल इकडे आहे!" कुणीतरी ओरडलं. चर्चगेट फास्टच्या वेळेला त्या पुलावर कुणी कुणासाठी थांबत नाही. मागच्या एकाने माझ्या काखेत हात घातले आणि मला उचलून फलाटावर ठेवलं. त्याची पद्धत उत्तम होती. पाठ सरळ, टाचा जमिनीला.

आश्चर्य पुढेच आहे. दंड होते तेवढेच राहिले, पण दांडीवर चकत्या चढत गेल्या. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढतच नाहीत म्हणे. असलेल्यांना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. सरकारी कचेरीत हयात गेल्यामुळे मला हे चटकन कळलं. हजेरीपटावर सगळी नावं असतात. टेबलाशी निम्मी, बाकीच्यांचे खुर्चीवर रुमाल. मग नवा साहेब येतो. भरती एकाचीही करत नाही, फक्त चहाला गेलेल्यांना जागेवर आणून बसवतो. फायली हलायला लागतात, पण इमारत बाहेरून होती तशीच दिसते. माझी अडचण नेमकी हीच. कळंबला दिसलेलं लागतं. "काका, दाखवा की दंड," म्हणतात. मी बाही वर करतो, मंडळी चष्मा पुसून बघतात. "आत आहे," मी सांगतो.

खाण्याचा हिशोबही झाला. एरवी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत घ्यायला सांगतात. माझे ७२ किलो, म्हणजे ११५ ग्रॅम. अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे रोजची १९ अंडी. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा कोंबड्या पाळा आणि त्यांनाच उचला." ट्रेनरने पावडरच्या डब्याचं नाव सुचवलं, त्याची किंमत ऐकून आईने सुक्या बोंबलांचा डबा पुढे केला. सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात, तेव्हा शास्त्र आईच्या बाजूने होतं. तेव्हापासून जिममध्ये माझ्या शेजारचा बाक नेहमी मोकळा असतो.

आता चकत्यांविषयी. आमच्याकडची सगळ्यात लहान चकती सव्वा किलोची. दोन बाजूंना दोन लावल्या की अडीच किलो वाढतात. तरुण पोरं तिला हात लावत नाहीत, त्यांना लाज वाटते. मी तिचा भक्त आहे, आणि त्याला सांगलीचा संकेत सरगर कारण आहे. वडिलांची पानटपरी असलेला हा मुलगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वर, सहा किलो मागे. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने १३५ उचलले आणि पुढच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. कसदानने शेवटी १४२ डोक्यावर धरले. बेरीज २४९ आणि २४८. एका किलोने सुवर्ण गेलं, रौप्य आलं. तो किलो आमच्या जिममधल्या सर्वांत क्षुल्लक चकतीहूनही हलका होता.

पण आमच्याकडे या चकत्या दोनच, आणि त्या रॅकवर नसतात. पावसाळी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून एक दाराच्या बुडाशी आणि दुसरी खिडकीच्या झडपेला लावलेली असते. मी डेडलिफ्टला साडेबेचाळीसपर्यंत येऊन ठेपलो तेव्हा मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "जेजुरीला दसऱ्याला खंडा उचलतात, तो बेचाळीस किलोचा. काही जण तर दातांनी. तू दोन्ही हातांनी उचलणार ना?"

दोन्ही हातांनी उचलायचे होते, पण त्याआधी हिशोब होता. दांडी २०, दहा-दहाच्या दोन, उरले अडीच. मी दाराची चकती काढली, खिडकीची काढली, दांडीला लावल्या. श्वास कोंडला. दार धाडकन आपटलं, पाठोपाठ झडप. "काकांनी वजन वाढवलं!" कोपऱ्यातून बारावीतली मुलगी मान वर न करता म्हणाली. खालून दुकानदार ओरडला, "काका, काय ते पटकन उचला आणि चकत्या परत लावा हो, माझ्या बरण्या पडतायत!"

माझा पहिलाच सेट चालू होता.